डाव्या हाताची दोन बोटं

आनंदा मगदूमनं आपला कान विकला तो २०३७ सालच्या फेब्रुवारीत. चांगला भाव आला, असं तेव्हा सगळेच म्हणाले. कान अर्थातच डोक्याला जिथल्या तिथं राहिला. गेलं ते त्या कानामागचं एकतीस वर्षांचं शहाणपण, आणि त्यापाठोपाठ नोकरी.

कोल्हापूरजवळ शिरोलीत 'धनवडे आणि पुत्र' हा लोखंड ओतायचा कारखाना. पंपाची बॉडी, मोटारीची झाकणं असला माल. साच्यातून निघालेला प्रत्येक जॉब शेवटी आनंदाच्या टेबलावर यायचा. डाव्या हातानं तो उचलायचा, उजव्या हातातल्या पितळी हातोडीनं एक टोला द्यायचा आणि ऐकायचं. धड जॉब घंटेसारखा लांबवर वाजतो. आत तडा असला की आवाज मध्येच बसतो. दिवसाला हजार-बाराशे टोले. आनंदानं पास केलेला माल माघारी आला असं कधी झालं नाही, आणि यात काडीची अतिशयोक्ती नाही.

आवाज ऐकून तडा ओळखणारी यंत्रं तशी जुनीच. पण आकार बदलला की त्या यंत्राला पहिल्यापासून शिकवावं लागे. शिरोलीच्या ऑर्डरी पडल्या लहान. यंत्र शिकून तयार होईपर्यंत ऑर्डरच संपायची. एक्स-रे काढावा तर जॉबच्या किमतीपेक्षा फोटोची किंमत जास्त. माणसाचं मात्र तसं नसतं. आनंदापुढं आयुष्यात न पाहिलेला जॉब ठेवला तरी दोन टोल्यांत तो सांगायचा. मग पुण्याच्या 'नादवेध' नावाच्या कंपनीनं वेगळाच डाव मांडला. यंत्राला आवाज शिकवण्याऐवजी सरळ माणूसच शिकवायचा.

हे काम घेऊन आली ती स्नेहल दिवाण. तिशीची इंजिनिअर, बोलायला साधी. कँटीनमध्ये चहा पिता पिता तिनं आनंदाला सगळं समजावून सांगितलं.

"मगदूमकाका, 'तडा आहे' हे तुम्ही तोंडानं म्हणता, त्याच्या आधीच तुमचा मेंदू ते म्हणून मोकळा झालेला असतो. आवाजात काही खटकलं की सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात डोक्यात एक बारीकशी विजेची लाट उठते. ही टोपी ती लाट टिपते. इकडं मायक्रोफोन आवाज टिपतो. कुठल्या आवाजाला तुमचा मेंदू दचकला, हे यंत्र हजारो वेळा बघतं आणि तसंच दचकायला शिकतं."

"आणि कारखान्यात एवढा गोंगाट असतोय, त्याचं काय?"

"तीच तर गंमत आहे. ज्या सुरांकडे तुमचा मेंदू लक्षच देत नाही, ते सूर यंत्र गोंगाट म्हणून गाळून टाकतं. कशाकडे दुर्लक्ष करायचं, तेही तुमच्याकडूनच शिकतं."

आनंदा हसला, पण वरवर. कारण जगात कुणालाच ठाऊक नसलेली एक गोष्ट त्याला ठाऊक होती. निदान तसा त्याचा समज होता. त्याचे कान गेले होते.

ठार बहिरा नव्हता तो. माणसांचं बोलणं, जाड जॉबचा टोला, सगळं नीट ऐकू यायचं. पण बारीक, उंच सूर गेले होते, आणि पातळ जॉबचा तडा नेमका त्याच सुरांत वाजतो. फाउंड्रीत आयुष्य काढलेल्याचे कान वरच्या पट्टीकडूनच झिजत येतात. कारखान्यात वर्षातून एकदा कानाची तपासणी व्हायची. हेडफोन घालून बसायचं आणि शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचं. कंपाउंडर बटण दाबायचा ते त्याच्या मागच्या औषधाच्या कपाटाच्या काचेत दिसायचं. तो दाबायचा आणि आनंदा बोट वर करायचा. चार वर्षं असंच निभावलं होतं. तपासणीत नापास झालेल्याला घासकामाला धाडत, आणि तिथं पगार निम्मा.

मग पातळ जॉबचा तडा तो ओळखायचा कसा? डाव्या हातानं. तड्याच्या दोन कडा टोल्यासरशी एकमेकींवर घासतात आणि जॉब किंचित किरकिरतो. हवेतून ती किरकिर कुणाच्याच कानाला येत नाही, मायक्रोफोनलाही नाही. पण तळहाताला ती कळते. कान कमी होत गेला तसा हात शिकत गेला. आनंदानं त्याला कधी शिकवलं नव्हतं.

टोपी घालून तीन आठवडे काम चाललं. हात मध्ये येऊ नये म्हणून स्नेहलनं जॉब लोखंडी स्टँडला टांगले होते. जाड जॉबना काहीच अडलं नाही. पातळ जॉब फक्त तीस होते, तेव्हा कारखान्यात तसला माल क्वचितच निघायचा. ते आले तेव्हा आनंदानं डाव्या हाताची दोन बोटं टेबलाखालून स्टँडच्या पायाला टेकवली. लोखंडातून किरकिर बोटांना मिळाली, मेंदू दचकला, टोपीनं टिपलं. तीसपैकी तीस बरोबर. स्नेहलनं टाळ्या वाजवल्या. त्या तीस जॉबचे आवाज यंत्रानं पाठ करून टाकले, आणि चाचणीलाही तेच होते, त्यामुळं ते पैकीच्या पैकी पास झालं.

मार्चअखेर तपासणी खात्यातली अकरा माणसं घरी गेली. दहा जणांना फक्त हिशेब मिळाला. आनंदाला हिशेबाचे अकरा लाख आणि वर कानाचं मानधन, महिना पंचवीस हजार, पाच वर्षं. करार नऊ पानांचा होता. त्याला दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात तपासणी करता येणार नव्हती. सातव्या पानावर लिहिलं होतं, की कानाचा दोष लपवल्याचं आढळलं तर मानधन बंद आणि दिलेलं सगळं परत. आनंदानं सातवं पान वाचलं, दोनदा वाचलं, आणि सही केली. येताना अर्धा किलो पेढे आणले.

बायको शालन पेढा खाऊन म्हणाली, "कागद कुठाय?" तिनं तो कंदिलाच्या उजेडात वाचल्यासारखा डोळ्याजवळ धरून वाचला, घडी केली आणि कपाटात ठेवला.

बेकारीत घर कसं चालवावं, हे शालननं आठवड्यात ठरवून टाकलं. अकरा लाखांतले सहा बँकेत भरून घराचं कर्ज संपवलं, म्हणजे हप्त्याचं भूत मानगुटीवरून उतरलं. उरलेले पाच लाख दर महिन्याला व्याज येईल असे ठेवले. आनंदाची मोटरसायकल विकली. दूध लिटराचं अर्धा लिटर झालं. मटण आठवड्यावरून महिन्यावर गेलं. ती स्वतः कांदा-लसणाच्या चटणीच्या ऑर्डरी घेऊ लागली. आणि सगळं जग फोनवरून पैसे देत असताना ही बाई एक तारखेला बँकेतून रोकड आणायची आणि जुन्या मिसळणाच्या डब्यात भरायची. सात वाट्या. एक दुधाची, एक किराण्याची, एक गॅस आणि लाइटची, एक औषधाची, एक आहेर-बारशाची, एक मिरजेत नर्सिंगला असलेल्या ऋतुजाच्या मेसची. वाटी रिकामी झाली की तो खर्च महिन्यापुरता संपला. सातवी वाटी पालथी असायची.

"आणि माझ्या मानधनाची वाटी कंची?" आनंदानं एकदा विचारलं.

"हाय. जागेवर हाय."

"जागेवर म्हंजे कुठं? पंचवीस हजार येत्यात घरात आणि मी अर्धा कप च्या पितोय!"

"अर्धा कपानं कोण मेलंय का? प्या गुमान."

आनंदाच्या मनात नाही नाही ते यायचं. शालनचा भाऊ गडहिंग्लजला असतो, त्याची शेळ्यांची शेड त्याच वर्षी पक्की झाली होती. पण विचारायची छाती झाली नाही. पंचवीस हजारांचा विषय काढला की त्यालाच सातवं पान आठवायचं.

काम शोधायला तो फिरला. वॉचमनसाठी उंची कमी पडली, गोदामात वय जास्त झालं. शेवटी रोज दहा वाजता तो दस्तगीर मुजावरच्या गॅरेजवर जाऊन बसू लागला. दस्तगीर त्याचा शाळेपासूनचा दोस्त, ई-रिक्षा दुरुस्त करायचा. काम नव्हतं, पण घरातून डबा घेऊन बाहेर पडायला एक जागा होती. बेकार माणसाला तीही पुष्कळ वाटते.

चौदा महिने असे गेले. मे महिन्यात एक दिवस दस्तगीरनं नव्या सुट्या भागांचं खोकं फोडलं. रिक्षाच्या पुढच्या चाकाचा काटा ज्यात बसतो ते ब्रॅकेट, सहा नग. पातळ, हलके, सुबक. प्रत्येकावर कानाच्या चित्राचा हिरवा स्टिकर होता, 'नादवेध तपासणी, पास'.

"हे बघ, तुझाच कान," दस्तगीर म्हणाला. "धनवड्यांचा माल हाय."

आनंदानं हसत एक ब्रॅकेट डाव्या हातात घेतलं आणि सवयीनं पान्याचा टोला दिला. कानाला काहीच खटकलं नाही. तळहाताला खटकलं. त्यानं पुन्हा टोला दिला. मग बाकीचे पाच वाजवले. आणखी एक तसाच निघाला.

"काय झालं रं? तोंड का असं केलंस?"

"पोलादी पकडीत आवळ हे, आणि घाल घण."

"अरं, नवा माल हाय!"

"पैसं माझं. घाल म्हणतो न्हवं."

दोन घावांत ब्रॅकेट फुटलं. ताजा तुटलेला भाग चांदीसारखा चकाकत होता, पण निम्म्यापर्यंत काळी-निळी रेघ होती. म्हणजे हा तडा आत्ताचा नव्हता. लोखंड साच्यात गरम असतानाच पडला होता, आणि यंत्रानं तो पास केला होता.

बघता बघता आनंदाला सगळं उमगलं. पातळ जॉबचा तडा बारीक, उंच सुरात बोलतो. आनंदाचा मेंदू त्या सुराला कधी दचकलाच नव्हता, कारण तो त्याला ऐकूच येत नव्हता. म्हणून यंत्रानं तो सूर गोंगाट समजून गाळून टाकला होता. पाठ केलेल्या तीस जॉबच्या जिवावर ते पास झालं, आणि आता पातळ जॉबची पहिली मोठी ऑर्डर त्याच्या पुढ्यात आली होती. यंत्राचा काही दोष नव्हता. त्यानं आनंदाचा बहिरेपणासुद्धा इमानदारीनं उचलला होता.

"ह्यो माल गाड्यांना बसिवला तर?" त्यानं विचारलं.

"चाकच निघंल की," दस्तगीर म्हणाला. "आणि ह्या रिक्षांतनं शाळंची पोरं जात्यात. तू कंपनीत सांग बाबा. आजच्या आज सांग."

आनंदानं आज सांगितलं नाही, उद्याही सांगितलं नाही. दोन दिवस तो ते फुटकं ब्रॅकेट पिशवीत घालून हिंडला. सांगायचं तर का चुकलं तेही सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की सातवं पान. चौदा महिन्यांचे साडेतीन लाख परत. जूनमध्ये ऋतुजाच्या शेवटच्या वर्षाची फी दोन लाख दहा हजार. त्याला वाटलं, निनावी पत्र टाकावं. पण निनावी पत्रावर कोण कारखाना थांबवतो? त्याला वाटलं, दुसरं कुणीतरी पकडेलच. मग रस्त्यानं दप्तरं लटकवलेली रिक्षा गेली, आणि तो तिच्या पुढच्या चाकाकडे बघत राहिला. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो घरी आला. शालन अंगणात तोंडाला पदर बांधून मिरच्या भाजत होती. तो पायरीवर बसला.

"शालन, माझं कान गेल्यात."

तिनं उलथनं फिरवणं थांबवलं नाही. "कवाचं?"

"झाली असतील पाचेक वर्सं."

"सहा," शालन म्हणाली. "ऋतुजा दहावीला होती. पाटंचं तिचं घड्याळ तुमच्या उशाला केकाटत हुतं आणि तुमी ढिम्म. तवाच कळलं मला."

आनंदाला एकदम रागच आला. "मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलला काय?" आता तिनं गॅस बंद केला. "कानावर तुमची भाकरी. तुमचा कान गेलाय, हे मी कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, स्वतःहून सांगतील. आज सांगतील, उद्या सांगतील. तुमी सही करून पेढं घेऊन आलासा!"

ती आत गेली आणि मिसळणाचा डबा घेऊन आली. पालथी सातवी वाटी सुलटी केली. तिच्याखाली चौकोनी घडी केलेली बँकेची पावती होती. पंचवीस हजार, चौदा महिने. एक रुपयासुद्धा मोडला नव्हता.

"त्यो पैसा आपला न्हाई, हे सातवं पान वाचलं त्या दिशीच कळलं मला. आज ना उद्या माघारी मागत्यात. म्हणून हात लावला न्हाई."

आनंदानं पावती पाहिली, अर्धा कप चहा आठवला, गडहिंग्लजची शेळ्यांची शेड आठवली. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. मिरच्यांचा खकाणा होताच, पण दोघांपैकी कुणी त्याचं नाव पुढं केलं नाही.

"उठा," शालन म्हणाली. "चार वाजता साहेब जागेवर असत्यात. मी पन येते."

धनवडेसाहेबांनी आधी आरडाओरडा केला, मग फुटकं ब्रॅकेट हातात घेतलं आणि पुण्याला फोन लावला. ओतकामात जन्म गेलेल्या माणसाला काळी रेघ समजावून सांगावी लागत नाही. स्नेहल रात्रीपर्यंत पुण्याहून आली. आनंदानं तिला कंपाउंडरच्या काचेपासून टेबलाखालच्या बोटांपर्यंत सगळं सांगितलं. तिनं लॅपटॉप उघडला, यंत्रानं काय काय गाळलंय ते पाहिलं, आणि दोन्ही हात डोक्याला लावून बसली.

"मीच तपासायला हवं होतं," ती म्हणाली. "वरची अख्खी पट्टी उडवली होती यानं. मी म्हटलं, किती छान गोंगाट काढतंय!"

तीन हजार एकशे नग बाहेर गेले होते. सगळे परत मागवले. त्यांत चौऱ्याऐंशी फुटके निघाले. दोन आधीच रस्त्यावर तुटले होते. हुबळीत एका बाईचं मनगट मोडलं होतं. आनंदानं तिचं नाव विचारलं. ते कुणालाच माहीत नव्हतं.

मानधन बंद झालं. साडेतीन लाख शालननं पावतीसकट परत केले. 'स्वतःहून सांगितले' असा शेरा मारून कंपनीनं पुढची कारवाई मात्र केली नाही. ऋतुजाची फी शालनच्या पाटल्या गहाण ठेवून भरली. सातवी वाटी आता सुलटी ठेवलेली होती, पण रिकामीच.

ऑगस्टमध्ये स्नेहल घरी आली. तिच्या पिशवीत एक हातमोजा होता, तळव्याला बारीक तारा विणलेला. कान वगळून आता हात टिपायचा, असा तिचा विचार होता. काम दहा दिवसांचं, मोबदला एकरकमी तीन लाख. पाटल्या सोडवून वर पैसे उरले असते.

"काका, तुमचा हात म्हणजे काय चीज आहे, ते तुम्हालाच माहीत नाही," ती म्हणाली.

करार या खेपेला बारा पानांचा होता. आनंदा पेन शोधायला लागला. शालननं कागद त्याच्या हातून काढून घेतला, चष्मा लावला, पहिल्या पानापासून बाराव्यापर्यंत वाचला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"आदी मला सांगा. हाताला काय होतंय का?"

आनंदानं स्नेहलकडे पाहिलं, हातमोज्याकडे पाहिलं, शालनच्या मोकळ्या मनगटांकडे पाहिलं. नाही म्हणायला एक क्षण पुरला असता.

"करंगळीला मुंग्या येत्यात," तो म्हणाला. "डाव्या. थंडीच्या दिवसात."

शालननं पेनचं टोपण काढलं आणि सहीच्या जागेच्या वर, ठसठशीत अक्षरात, ते तसंच लिहून काढलं. मग कागद स्नेहलच्या पुढं सरकवला.

"आता बघा," ती म्हणाली, "अजून पायजे का तुमाला."